बिनबोकडाचं जावळ

बोकड लिंबाच्या झाडाला बांधून नानासोनं दोरीला दोन गाठी मारल्या, हात झटकले आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "घ्या वैनी. मिटली का न्हाई तुमची अडचण?"

राहीबाई अंगणातल्या चुलीवर हरभऱ्याची डाळ शिजवत बसली होती. तिनं मान वर केली. बोकड काळाभोर, अंगानं भरलेला, नानासोच्या कळपातला सगळ्यात उजवा. व्यापाऱ्यांनी दोनदा मागूनही त्यानं तो दिला नव्हता, हे वस्तीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तोच बोकड आज तो आपल्या पायांनी चालत भावजयीच्या दारात घेऊन आला होता.

"अडचण कसली, भावजी?"

"आता माज्यापासनं काय लपिवता? बगतोय न्हवं मी. दादा गेल्यापासनं तुमची रोजंदारी, आन् पप्पूचा पगार सांगलीतच जिरतोय. बोकडाला पैसं कुठनं आणणार? मानसानं तोंडानं सांगावं की. दादाच्या नातवाचं जावळ मी कोरडं जाऊ दीन व्हय?"

'दादा' म्हणताना त्याचा आवाज जरा भरून आला. नानासो तोंडाचा फटकळ आणि डोक्यानं तापट, पण भावावर जीव टाकणारा गडी. राहीबाईचा नवरा धुळा गेला तेव्हा तेरा दिवस हा माणूस तिच्या ओसरीवरून हलला नव्हता. म्हणून तर तिला जास्त अवघड झालं. वाईट माणसाला नाही म्हणायला फार कष्ट पडत नाहीत.

"भावजी, मी सांगितलं हुतं तुमास्नी. माज्या दारात बोकड पडायचा न्हाई."

"ते पैसं नव्हतं म्हणून म्हणलासा."

"पैसं असतं तरी तेच म्हणलं असतं."

नानासोनं जमलेल्या भावकीकडं पाहिलं आणि तो हसला. त्याच्याबरोबर बाकीचेही हसले. त्या हसण्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. गरीब बाई आहे, स्वाभिमानी आहे, बोलणारच असं, एवढाच त्याचा अर्थ होता. राहीबाईला मात्र ते हसणं डाळीच्या वाफेपेक्षा जास्त पोळलं.

जतच्या पूर्वेला, जिथून कर्नाटक हाकेच्या अंतरावर आहे, तिथल्या माळावर ही धनगरांची वस्ती. पाण्याला टँकर, रानात ज्वारी, आणि ज्याच्या त्याच्या काटेरी कुंपणाच्या वाड्यात थोडीफार मेंढरं. इथं पोराचं जावळ म्हणजे आधी गोडाचा निवद, मग खाऱ्याचा. गोड म्हणजे पुरणपोळी आणि खारं म्हणजे मटण. पुरणपोळीशिवाय जावळ झालेलं कुणी पाहिलं नव्हतं आणि बोकडाशिवाय झालेलं तर कुणी ऐकलंही नव्हतं. अशा वस्तीत राहीबाईनं तीन वर्षांपूर्वी मटण सोडलं, अंडं सोडलं आणि वर दूध, ताक, तूपही सोडलं. नवस नाही, माळ घातलेली नाही, कुठल्या बुवाबाबाच्या नादी लागलेली नाही. कारण विचारलं तर म्हणायची, "नगं वाटतंय," आणि विषय बदलायची.

तिच्या जावेला, नानासोच्या बायकोला, दगडाबाईला हे भारी गमतीचं वाटलं होतं. "आगं राहीबाय," ती म्हणाली होती, "सोडायला आदी धरलेलं असावं लागतंय. तू खात काय हुतीस म्हणून सोडलंस?"

खोटं नव्हतं ते. राहीबाईच्या घरात मटण शिजायचं ते जत्रेला, अंडं यायचं ते कुणी आजारी पडलं तर, आणि दूध असायचं ते चहाचा रंग बदलण्यापुरतं. बाकी ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, कारळ्याची चटणी आणि रानात उगवणारी पाथरी नाहीतर तांदळी. हे ती पहिल्यापासून खात होती आणि आताही तेच खात होती. द्राक्षाच्या बागेत दिवसभर खुरपून तिच्या कंबरेत कळ यायची तेवढीच, जास्त नाही आणि कमीही नाही. दुधाचं जे काही वाचायचं त्यात घरात शेंगदाणे थोडे जास्त येऊ लागले होते. खर्चाच्या बाजूनं पाहिलं तर हा सगळा मामला अगदी सोपा होता. अवघड होतं ते लोकांना पटवणं.

त्या बागेच्या मालकाची सून क्रांती पुण्यात शिकलेली. एकदा ती बायकांसाठी चहा घेऊन बागेत आली. राहीबाईनं दुधाचा नको म्हटलं. का, कसं, कधीपासून, असं विचारता विचारता क्रांतीचे डोळेच चमकले. "अय्या काकू, मीसुद्धा व्हिगन आहे!"

राहीबाईला वाटलं, हे कुठल्यातरी दुखण्याचं नाव असावं. तिनं काळजीनं विचारलं, "मग आता बरं हाय न्हवं?"

बागेतल्या बायका हसून हसून वेलींखाली बसल्या. क्रांतीही हसली. मग तिनं नीट समजावून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी बदामाच्या दुधाचा खोका आणून दाखवला. त्याची किंमत ऐकून राहीबाई म्हणाली, "दूध सोडल्यावर खर्च कमी व्हायला पायजे. तुमचा वाढला कसा काय?"

"ते खरंय," क्रांती म्हणाली, "पण घरात सगळे माझं कौतुक करतात हं. तुमच्याकडे?"

"आमच्यात कौतुक न्हाई. आमच्यात म्हणत्यात, परवडत न्हाई तिला."

हे ती हसत बोलली होती, पण तेच तिचं खरं दुखणं होतं. पैसेवाल्यानं ताटातला पदार्थ बाजूला सारला तर तो त्याग, आणि गरिबानं सारला तर ती गरिबी. राहीबाईनं आयुष्यात स्वतःच्या मनानं अशा फार थोड्या गोष्टी ठरवल्या होत्या. लग्न बापानं ठरवलं, मेंढरांमागं कुठं फिरायचं ते सासऱ्यानं, मेंढरं कधी विकायची ते दुष्काळानं. हे एक तिनं ठरवलं होतं, आणि तेच कुणी तिचं मानायला तयार नव्हतं. आज नातवाच्या जावळाला सगळी भावकी दारात येणार होती. तिला त्यांना पोटभर, सढळ हातानं, तिच्या पद्धतीचं जेवू घालायचं होतं, म्हणजे निदान एकदा तरी लोक म्हणाले असते की राहीबाईचं हे असं आहे, आणि ते तिनं ठरवलेलं आहे. त्यासाठी तिनं वाण्याकडून चांगला पिवळाधमक गूळ आणला होता, घाण्यावरचं शेंगतेल आणलं होतं, बोकड परवडला असता इतकं सामान भरलं होतं. आणि सकाळी सकाळी नानासोनं तो बोकड फुकटात आणून बांधला.

"सोडा त्याला," राहीबाई उठून उभी राहिली. "भावजी, तुमचा जीव हाय आमच्यावर, ते मला म्हाईत हाय. पर हे मला चालायचं न्हाई."

"वैनी, मानसं जमल्यात. मामा येतोय पोराचा. मिलिटरीतनं सुट्टी काढून येतोय. त्येच्या पत्रावळीवर काय वाढणार, डाळ?"

"पोळी वाढीन. येळवणीची आमटी वाढीन. वांगं हाय, मटकी हाय, भात हाय. उपाशी जाणार न्हाई कोण."

"पोळी तर असतीयाच की! आवं पर फुकट देतोय मी! एक रुपाय मागत न्हाई तुमास्नी!"

"म्हणूनच नगं म्हणती. इकत घ्यायचा असता तर तुमी म्हणला असता, पैसं न्हाईत. आता फुकट मिळतोय तरी नगं हाय. आता तरी कळंल का?"

सांगलीहून आदल्या दिवशी आलेला पप्पू मध्ये पडला. "आये, आजच्या दिवस राहू दे की. चुलता एवढ्या मनानं..."

"तू खा की बाबा. मी कवा तुज्या ताटात बघितलंय? पर ह्या दारात कापायचं न्हाई."

नानासोचा चेहरा आधी पडला आणि मग लाल झाला. भावकीसमोर त्याची भेट परत केली गेली होती. त्यानं रागानं दोरीला हिसडा दिला. दोन्ही गाठी सुटेनात, तेव्हा त्यानं कमरेचा विळा काढून दोरीच कापली. "बरं. तुमच्या दारात न्हाई न्हवं? माज्या दारात पडंल. पंगत माज्याकडं. मामाबी माज्याकडं जेवंल आन् भावकीबी. तुमी बसा तुमची डाळ घिऊन!"

बोकडाला ओढत तो गल्ली ओलांडून आपल्या घराकडं गेला. भावकीतले दोघेचौघे ओशाळून हसले आणि त्याच्या मागे निघाले. पप्पू जरा वेळ आईकडं बघत उभा राहिला आणि मग तोही गेला, मदतीला कुणी तरी लागेल म्हणून.

राहीबाई चुलीपुढं परत बसली. डाळ शिजली होती. ती उपसून तिनं येळवणी वेगळी काढली, डाळीत गूळ घातला आणि पुरण घोटायला सुरुवात केली. हाताला काम असलं की मनाला धरबंद राहतो, एवढं तिला आयुष्यानं शिकवलं होतं.

आत तिची सून स्वप्नाली तान्ह्या जयराजला पाजून बाहेर आली. डोळे रडून सुजलेले. ती कवठेमहांकाळकडची, बोलायला मऊ, पण आज तिचाही तोल गेला होता.

"आत्ती, माजा भाऊ वर्षानं येतोय. काय वाटंल त्येला? भैन कुठल्या घरात दिली म्हणंल? सगळी मानसं नानाकाकाकडं जेवणार आन् आमच्या दारात शुकशुकाट. लोकं म्हणणार, गरिबी झाकाय हिनं सोंग केलंय."

"म्हणू देत."

"तुमाला म्हणू देत. मला न्हाई सोसत. आजच्या दिवस तुमी गप बसला असता तर काय बिघडलं असतं?"

राहीबाईनं पुरण घोटणं थांबवलं. एरवी ती बोलली नसती. पण आज गप्प राहिली तर ही पोरही त्या हसणाऱ्यांत कायमची जाऊन बसेल, असं तिला वाटलं.

"सपने, बस हितं. तांबडी शेळी आठवती का तुला? तुजं लगीन झालं तवा हुती."

"आठवती की. इकली तुमी ती."

"इकली. दूध आटलं, वय झालं, मला एकटीला चारा घालायला जमंना. व्यापारी टेंपो घिऊन आला. आता शेळी-मेंढरू कसं असतंय, परक्या मानसामागं ते टेंपोत चढत न्हाई. वडलं तर पाय रोवून हुबं राहतंय. मग व्यापारी मालकाला म्हणतोय, तुमी फुडं व्हा. मालक फळीवरनं वर चढतोय, जितराब त्येच्या मागं गप चढतंय. ह्ये काम जन्मभर तुजा सासरा करायचा. मी कवा केलं नव्हतं. त्या दिवशी व्यापारी मला म्हणला, मावशी, तुमी फुडं व्हा."

चुलीतलं लाकूड तिनं आत सरकवलं.

"मी झाले. फळीवरनं वर गेले. तांबडी माज्या पायापायात आली, पदर चावत. त्येनं बांधली तिला. मी दुसऱ्या अंगानं खाली उतरले. तिला वाटलं मी हाय म्हंजी काय भ्या न्हाई. टेंपो हालला तवा वरडली ती. मला हाक मारत हुती गं पोरी, दुसऱ्या कुणाला न्हाई."

स्वप्नालीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं.

"सांजच्याला पप्पूनं चहा केला. दुधाचा. तोंडाला लावला आन् मला वाटलं, दूध देत हुती तवर पाळली, दूध आटलं तवा इकली. मग दूध आन् मटण येगळं कुठं राहिलं? एकाच फळीवरनं जातंय की दोनी. तवापासनं मी दोनी सोडलं. तुजा सासरा मेंढरं इकली की त्या राती जेवायचा न्हाई. पोट बिघडलंय म्हणायचा. जन्मभर मी त्येला वव्याचं पाणी करून दिलं. माणूस गेल्यावर कळलं मला, पोट बिघडलेलं नव्हतं त्येचं."

हे सांगताना तिला रडू आलं नाही. स्वप्नालीनंच डोळे पुसले.

"ह्ये आदी का सांगितलं न्हाईसा?"

"सांगण्यासारखं हाय का? मेंढरांवर जगलेली धनगराची बाई मी. लोकं हसतील. पर आज सोडून दिलं तर उद्या काय धरून बसू? लाट पोळी. पुरण गार हुतंय."

दोघी कामाला लागल्या. राहीबाई पुरण भरून गोळे करायची, स्वप्नाली लाटायची आणि तव्यावरच्या पोळीला तुपाऐवजी शेंगतेल लावायची. गल्लीपलीकडून थोड्या वेळानं मसाल्याचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास यायला लागला. स्वप्नालीच्या तोंडाला पाणी सुटलं असणार, कारण ती एकदा आवंढा गिळून ओशाळली. राहीबाईनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. वास चांगला होता, त्यात खोटं काय? तिला तो आवडत नव्हता असं तिनं कधीच म्हटलं नव्हतं.

दुपारी मामा आला. अमृत, उंचापुरा, लष्करी कापलेले केस, हातात भाच्यासाठी चांदीचं कडं. ओसरीवर त्यानं जयराजला मांडीवर घेतलं, न्हाव्यानं दिलेल्या कात्रीनं पहिली बट कापली, आणि पोरानं जो टाहो फोडला त्यानं सगळी भावकी खूश झाली. भंडारा उधळला. तेवढा वेळ अंगण भरलेलं होतं आणि राहीबाईच्या मनात आशा आली होती की, आता एवढे बसलेच आहेत, तर इथंच बसतील. पत्रावळी ओसरीच्या कडेला मांडून ठेवल्या होत्या. तांबे भरलेले होते.

पण नानासो आला, नवं पागोटं बांधून, आणि त्यानं अमृतच्या हाताला धरलं. "चला पाव्हणं. रस्सा शिजतच आलाय. समद्यांनी माज्याकडं यायचं."

अमृतनं बहिणीकडं पाहिलं, मग राहीबाईकडं. "मावशी, हितं...?"

"हितंबी हाय बाबा," राहीबाई म्हणाली. "गोडाचं हाय."

"मावशी, एक इचारू? राग धरू नका. परवडत न्हाई म्हणून तर न्हाई न्हवं? तसं असंल तर मी..." त्याचा हात खिशाकडं गेला होता. मनानं निर्मळ पोरगा. त्याला वाटलं, आपण लाज राखतोय.

"पैशाला परवडतंय, लेकरा," राहीबाई म्हणाली. "जिवाला परवडत न्हाई."

अमृतला ते कळलं की नाही कोण जाणे. नानासोनं त्याला जवळजवळ ओढतच नेलं. घरातल्या वडीलधाऱ्यानं हाताला धरल्यावर पाहुण्यानं हिसडा कसा द्यायचा? जाताना त्यानं एकदा मागं वळून पाहिलं. त्याच्या मागून भावकी गेली. म्हातारा कोंडीबा, भावकीतला सगळ्यात वडील माणूस, काठी टेकत सगळ्यांत शेवटी गेला.

बागेतल्या खुरपणाऱ्या बायका मात्र राहिल्या. त्या बसल्या, जेवल्या, पोळ्या मऊ झाल्यात म्हणाल्या, दोनदा आमटी मागून घेतली. एवढ्यावर राहीबाईनं समाधान मानायला हरकत नव्हती. पण त्या उठून गेल्या, त्यांच्या पत्रावळी गोळा झाल्या, आणि उरलेल्या कोऱ्या पत्रावळींची चळत वाऱ्यानं फडफडायला लागली. शेजारी पोळ्यांनी भरलेली दुरडी, वर पांढरं फडकं. राहीबाई त्या दुरडीजवळ बसली आणि तिला रडू आलं. हुंदके देऊन आलं. सून बघतेय याचीही तिनं पर्वा केली नाही. नवरा गेला तेव्हा ती चारचौघांत रडली होती, पण ते रडणं सगळ्यांचं होतं. हे तिचं एकटीचं होतं.

मग तिनं नाक पुसलं, तोंडावर पाणी मारलं, पदर कमरेला खोचला आणि चुंबळ करून डोक्यावर ठेवली.

"दुरडी उचलू लाग, सपने."

"कुठं निगाला आत्ती?"

"गल्लीपल्याड. माज्या दारात बोकड पडायचा न्हाई म्हणले मी. त्यांच्या दारात जिऊ घालायचं न्हाई असं कुठं म्हणले? खाऱ्याच्या आदी गोड जातंय, आन् ते पोराच्या घरातनं जातंय. मटण शिजाय येळ लागतोय, अजून वाढलं नसंल. चल."

स्वप्नालीनं दुरडी तिच्या डोक्यावर दिली. मग क्षणभर थांबून तिनं तेलाचा डबा उचलला आणि ती सासूच्या मागोमाग निघाली. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं.

नानासोच्या पडवीत समोरासमोर दोन पंगती बसल्या होत्या. मधल्या मोकळ्या जागेत रश्श्याचं भलंमोठं पातेलं, त्यावर तेलाचा लाल तवंग. परड्याच्या कुडावर काळं कातडं टाकलेलं होतं, ते राहीबाईच्या नजरेला पडलं आणि ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. सकाळी तो लिंबाखाली उभा होता, कपाळ झाडाला घासत. परत फिरावं असं खरंच वाटलं. पण आत नानासो पळी भरून अमृतच्या पत्रावळीवर वाकला होता. राहीबाईनं पाय उचलला आणि उंबरा ओलांडला.

"थांबा भावजी. खाऱ्याच्या आदी गोड."

पळी हवेतच राहिली. दगडाबाईनं स्वयंपाकघराच्या दारात कपाळाला हात लावला. सकाळपासून मसाला वाटण्यात, कापण्यात, शिजवण्यात, रागात आणि हौसेत ते दोघं नवराबायको जावळाचं गोड साफ विसरून गेले होते. रागानं पंगत पळवता येते, पण पंगतीचा रिवाज पळवता येत नाही.

"आरं बराबर हाय की!" कोंडीबानं काठी आपटली. "नाना, जावळ हाय न्हवं ह्ये? गोडाबिगार खारं वाढाय निगालास व्हय? आन् मी बी मुडदा, बसलोय पत्रावळ फुडं घिऊन. ये राहीबाय. वाढ."

नानासोचा चेहरा उतरला. आता हा काहीतरी बोलणार, असं पडवीतल्या सगळ्यांना वाटलं. पप्पू तर अर्धा उठलाही. पण नानासोनं भरलेली पळी परत पातेल्यात सोडली. राहीबाई दोन पंगतींच्या मध्ये दुरडी घेऊन उभी होती, आणि तिला पुढं जायचं तर त्या पातेल्याला खेटूनच जावं लागलं असतं. तिनं लुगडं आवरून धरलं होतं. नानासोनं ते पाहिलं. खांद्यावरचा टॉवेल हाताला गुंडाळून त्यानं पातेल्याचा कान धरला आणि पप्पूला खुणावलं. दोघांनी ते जड पातेलं उचललं आणि मागच्या परड्यात नेऊन ठेवलं. मग नानासो हात धुऊन आला आणि पंगतीच्या अगदी शेवटी, जिथं पत्रावळ नव्हती तिथं, जमिनीवर बसला. यजमानानं पंगतीबरोबर बसायचं नसतं, पण त्याला कुणी टोकलं नाही. दगडाबाईनं गुपचूप एक पत्रावळ आणून त्याच्या पुढ्यात ठेवली.

राहीबाई वाढू लागली. पहिल्या दोन पोळ्या मामाच्या पत्रावळीवर, मग कोंडीबाच्या, मग एकेकाच्या. मागून स्वप्नाली तेल घालत येत होती, घडी मोडून नीट पोळीच्या मधोमध, तिच्या माहेरच्या लग्नात वाढावं तशी. अमृत मान खाली घालून जेवत होता. त्याची पत्रावळ रिकामी झाली तसा तो म्हणाला, "मावशी, आजून एक." आणि कोंडीबा बोळक्या तोंडानं घास घोळवत म्हणाला, "आयला, मऊ हाय. आमच्या आयीच्या हातची आसायची आशी." कुणी 'परवडत नाही' म्हटलं नाही. कुणी हसलं नाही.

वाढत वाढत ती शेवटी नानासोपाशी आली. त्याच्या पत्रावळीवर दोन पोळ्या ठेवल्या. त्यानं हात लावला नाही. खाली बघत तो एवढंच म्हणाला, "वैनी, सकाळच्याला चारचौघांत अडचण म्हणाय नको हुतं मी."

राहीबाईनं सुनेच्या हातातून तेलाचा डबा घेतला.

"तेल घालू का, भावजी?"

"घाला."

ती घालू लागली. पुरे झालं की जेवणाऱ्यानं पत्रावळीवर हात आडवा धरायचा असतो. तेल पोळीत मुरलं, पोळीच्या कडेनं उतरलं, पत्रावळीवर आलं. नानासोनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि तो ते तसेच ठेवून बसून राहिला.